‘मारून टाकू’ म्हणणाऱ्या मनाला आवर: एअर रायफल आणि पिस्तूलच्या नव्या नेमबाजांसाठी

दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पेलेट साडेचार मिलिमीटरचं. पिस्तूलवाल्यांचा दहा जरा ऐसपैस, साडेअकरा मिलिमीटरचा. पण त्यांचा हात एकटाच, कशाचाही आधार न घेता खांद्यापासून लांब धरलेला असतो, त्यामुळे त्यांचा हेवा करण्यात अर्थ नाही. दोघांनाही हे साठ वेळा करायचं असतं, ७५ मिनिटांत.

सहा महिने सराव झाला, रेंजवर बरे स्कोअर यायला लागले, की पहिली स्पर्धा येते आणि हमखास एक गोष्ट घडते. सरावात ६०० पैकी ५७० मारणारी मुलगी ५४५ वर येते. बाहेर आल्यावर सगळे एकच सांगतात: ‘टेन्शन घेऊ नकोस, मन शांत ठेव.’ हा सल्ला प्रेमाने दिलेला असतो, पण त्याचा काडीचा उपयोग होत नाही. छातीत धडधडतंय त्या क्षणी मन शांत करणं कुणाच्याच हातात नसतं. मन शांत नसतानाही चांगला शॉट मारणं, आणि चांगला होणार नसेल तर तो न मारणं, या दोन गोष्टी मात्र शिकता येतात. त्यातली दुसरी जास्त महत्त्वाची आणि जास्त दुर्लक्षित, म्हणून या लेखाचा बराचसा भाग तिच्यावरच आहे.

सुरक्षेचे नियम, उभं राहण्याची पद्धत, ट्रिगर या गोष्टी तुमच्या प्रशिक्षकांनी शिकवल्या आहेत असं धरून चालतो. त्या कच्च्या असतील तर आधी त्या पक्क्या करा.

पायरी १: धडधडीची ओळख करून घ्या

रेंज ऑफिसरने ‘मॅच फायरिंग, स्टार्ट’ म्हटलं की शरीरात अॅड्रेनालिन उतरतं. नाडी वाढते, श्वास वरच्या छातीत अडकतो, घशाला कोरड पडते, बोटं गार पडून बारीक थरथरतात, पोटात गोळा येतो. प्रत्येक ठोक्याबरोबर नळी किंचित उसळते आणि साइटमधून (ज्यातून नेम धरतो त्या भागातून) ती उसळी स्पष्ट दिसते. लघवीला तर हमखास लागते, म्हणून रायफलवाल्यांनी ती कडक पँट चढवण्याआधीच जाऊन यावं. हसू नका, पहिल्या स्पर्धेत हे कुणीच सांगत नाही.

यातलं काहीही तुम्ही कच्चे असल्याचं लक्षण नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) कांस्यपदक जिंकलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने मिळवलेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या दिवशी पोटात इतकं कालवत होतं की काही खाल्लंच नाही, फक्त काळा चहा घेऊन रेंजवर गेलो, असं त्याने नंतर सांगितलं. म्हणजे पोटातला गोळा त्यालाही आलाच होता. तो घेऊनच त्याने तिन्ही पोझिशन मारल्या. (उपाशी राहण्याचा सल्ला मी देत नाहीये. हलकं, सवयीचं काहीतरी खाऊनच जा.)

ओळख करून घ्यायची ती सरावात. आठवड्यातून दोनदा, सराव संपत आला की हत्यार बाकावर सुरक्षित ठेवा, रेंजच्या बाहेर येऊन दोन मिनिटं दोरीच्या उड्या मारा किंवा जिना चढा-उतरा आणि परत लेनवर येऊन दहा शॉट मारा. पहिल्यांदा नळी कशी हलते ते बघून घाबरायला होईल. मग लक्षात येईल की होल्ड, म्हणजे नेम धरल्यावर नळी जेवढ्या भागात हलते तो, दुप्पट मोठा झाला तरी ट्रिगर सलग दाबला गेला तर शॉट नऊ-दहातच राहतात. वाईट शॉट होल्डमुळे जात नाहीत. हलणाऱ्या नळीला घाबरून बोट झटकन ओढलं जातं, त्यामुळे जातात. हे कुणी सांगून पटत नाही, स्वतःच्या टार्गेटवर दिसलं की पटतं.

पायरी २: श्वास, पण योग्य जागी

चार आकडे मोजत नाकाने आत, सहा आकडे मोजत बाहेर. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. पोट वर-खाली व्हायला हवं, खांदे नाहीत. सकाळी पाच मिनिटं, रात्री झोपताना पाच मिनिटं. श्वास सोडताना नाडी थोडी मंदावते, म्हणून सोडणं लांबवायचं. चक्कर आल्यासारखं वाटलं तर तुम्ही फार खोल श्वास घेताय, हलका घ्या. दमा असेल तर डॉक्टरांना विचारून करा. शाळेत प्राणायाम शिकला असाल तर यात नवीन काही नाही, फक्त कुंभक यात नको.

झोपण्याआधी जमलं तर अंग सैल करण्याचाही सराव जोडा. पायाच्या बोटांपासून सुरुवात करून एकेक स्नायूगट पाच सेकंद आवळायचा आणि पंधरा सेकंद सोडून द्यायचा: पिंढऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, शेवटी जबडा. नेमबाजाला यातले खांदे आणि जबडा सर्वांत जास्त उपयोगी. रायफल गालाला लावल्यावर दात आवळले गेलेत हे बऱ्याच जणांना महिनोन्‌महिने कळत नाही. आवळणं आणि सैल असणं यातला फरक एकदा अंगाला कळला, की लेनवर उभं असताना ‘खांदे’ एवढं मनात म्हटलं तरी ते खाली येतात.

हा चार-सहाचा श्वास शॉटच्या आत वापरायचा नाही. तो साइटर्सच्या (गुणांत न धरल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या शॉटच्या) आधी, दोन सिरीजच्या (दहा-दहा शॉटच्या गटांच्या) मध्ये, वाईट शॉटनंतर बाकावर बसल्यावर वापरायचा. शॉटमध्ये नेहमीसारखे दोन-तीन श्वास घ्यायचे आणि श्वास सोडल्यावर शेवटी आपोआप येणाऱ्या विरामात थांबायचं. तिथे छाती भरून कोंडून धरलीत तर उलट थरथर वाढते.

पायरी ३: शॉटचा क्रम कागदावर उतरवा

तुम्ही शॉट कसा मारता, असं विचारलं तर नवे नेमबाज म्हणतात, ‘उचलते, एम करते, मारते.’ एवढ्यावर स्पर्धा निभत नाही. दडपणाखाली मन रिकाम्या जागा शोधतं आणि त्यात नको ते भरतं: बाबा मागे बसलेत, शेजारचीचे दहा पडतायत, हा शॉट गेला तर कट (पात्रतेचे गुण) लागणार नाही. क्रम इतका तपशीलवार हवा की मनाला अशी जागाच मिळू नये.

तुमचा क्रम तुमच्याच शब्दांत, डायरीच्या पहिल्या पानावर लिहा. रायफलचा एक नमुना देतो:

‘लेन नंबर बघ. पेलेट भर. पाय, कंबर, कोपर बरगडीवर. गाल ठेव, मान सैल. डोळे मिट, एक श्वास, उघड. नळी टार्गेटवर आहे? नसेल तर पाय सरकव, हाताने ओढू नको. खाली उतर. दोन श्वास. रिंग दिसली. बोटाने पहिला दाब. थांबलं. सलग दाब. आवाजानंतर दोन सेकंद तिथेच. कॉल.’

पिस्तूलचा क्रम वेगळा असतो. ग्रिप आणि मनगट एकदा बसलं की हात टार्गेटच्या वर जातो, खाली उतरतानाच पहिला दाब येतो, टार्गेटच्या काळ्या वर्तुळाच्या खाली आपल्या एरियात हात स्थिरावतो आणि नजर फ्रंट साइटवर असते. टार्गेट धूसर दिसलं पाहिजे. एअर पिस्तूलच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम वजन असावं लागतं, म्हणून तिथे बोटाची हालचाल सलग ठेवणं हेच अर्धं काम.

लिहिताना एक पथ्य पाळा. क्रमात ‘नको’, ‘नाही’ शक्यतो येऊ देऊ नका. ‘झटका मारू नको’ म्हटलं की मनात आधी झटकाच येतो. त्याऐवजी ‘सलग’. ‘घाबरू नको’ऐवजी ‘साइट’. वरच्या नमुन्यात एक ‘नको’ राहिला आहेच. लिहिताना तो खपतो, पण लेनवर मनात म्हणायचे शब्द दोन किंवा तीनच ठेवा आणि ते करण्याचे ठेवा.

क्रम पाठ झाला की मॉनिटर झाकून सराव सुरू करा. शॉट मारल्यावर स्क्रीन बघण्याआधी सांगायचं: ‘नऊ, तीन वाजता.’ मग कागद बाजूला करून बघायचं. याला कॉल म्हणतात. सुरुवातीला तुमचा कॉल आणि शॉट यांचा मेळ बसणार नाही. जसजसा बसायला लागेल तसतशी डोळ्याला आणि बोटाला शॉट सुटतानाचीच खबर कळायला लागते, आणि मग स्कोअर बघून दचकणं आपोआप कमी होतं. माझ्या मते नव्या नेमबाजासाठी एकाग्रतेचा याहून चांगला व्यायाम नाही. ध्यानाची अॅप नंतर डाउनलोड करा.

पायरी ४: खाली घ्यायला शिका

आता मुख्य गोष्ट. नेम धरलाय, पाच सेकंद झाली, नळी थांबत नाहीये. सहा, सात. हात दुखायला लागला. आणि मनात आवाज येतो: ‘आता आलंच आहे, मारून टाकू.’ स्पर्धेतले सात आणि आठ जवळजवळ सगळे या एका वाक्यातून येतात.

खाली घेणं म्हणजे शॉट रद्द करून, बोट ट्रिगरवरून बाहेर काढून, नळी टार्गेटच्याच दिशेला ठेवत हत्यार खाली आणणं आणि क्रम पहिल्यापासून सुरू करणं. सांगायला सोपं आहे. मग कुणी घेत का नाही? कारणं सगळी मनाची आहेत. एक, आळस: परत उचलावं लागेल, आणि रायफल साडेपाच किलोपर्यंतची असते. दोन, लाज: मागे उभे असलेले बघतायत, सारखी खाली का घेते म्हणतील. तीन, वेळेची खोटी भीती. चार, आशा, आणि ही सर्वांत घातक: ‘जाईल कदाचित दहात.’ एखादा जातोही, आणि तिथेच सवय बिघडते.

वेळेच्या भीतीचा हिशोब आत्ताच करून टाका. नीट मारलेल्या एका शॉटला, पेलेट भरण्यापासून कॉल करेपर्यंत, ४० ते ४५ सेकंद धरा. साठ शॉटची झाली ४५ मिनिटं. हाताशी ७५ आहेत. एक शॉट खाली घ्यायला अर्धं मिनिट लागतं असं मानलं तर तीस वेळा खाली घेऊनही दोन निवांत विश्रांतींसाठी पंधरा मिनिटं उरतात. वेळ अपुरा नसतोच. घाईची मुलं वीस मिनिटं शिल्लक ठेवून बाहेर येतात आणि मग पुढचा तासभर त्या एका सातबद्दल बोलत बसतात. (स्थानिक स्पर्धांत शॉट आणि वेळ वेगळे असू शकतात. पत्रक वाचा आणि हिशोब पुन्हा मांडा.)

अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्सची गोष्ट नेमबाजीत सगळ्यांना ठाऊक आहे. बीजिंग २००८, ५० मीटर थ्री पोझिशनची अंतिम फेरी, शेवटचा शॉट. आघाडी तीन गुणांहून जास्त. सातचा साधा शॉट पुरला असता. रायफल टार्गेटवर उतरत असतानाच बोटाचा दाब पडला आणि शॉट सुटला: ४.४. सुवर्णावरून थेट चौथा. इतक्या मोठ्या नेमबाजाच्या बाबतीत हे घडू शकतं, तर ‘क्रम पूर्ण होईपर्यंत बोट थांबेल’ हे आपण गृहीत धरून चालणार नाही, ते शिकावं लागतं.

शिकण्याचे तीन व्यायाम. ते याच क्रमाने करा.

पहिला: सरावाच्या सुरुवातीला पाच वेळा पूर्ण क्रम करायचा, पहिल्या दाबापर्यंत यायचं आणि चांगला होल्ड असला तरी खाली घ्यायचं. चांगला होल्ड सोडून देताना जिवावर येतं. नेमकं तेच सहन करायला शिकायचंय.

दुसरा: जोडीदार मागे उभा राहतो आणि मनाला येईल तेव्हा, साधारण तीनातल्या एका शॉटला, ‘खाली’ म्हणतो. तुम्ही नेमात कुठेही असा, हत्यार खाली आलं पाहिजे. शब्द ऐकूनही शॉट सुटला तर तो शून्य धरायचा. पहिल्या आठवड्यात बरेच शून्य पडतील. मन ‘मारायचं’ ठरवून बसलं की कान बंद होतात, हे तेव्हा कळतं.

तिसरा: स्वतःसाठी वेळेची मर्यादा. श्वास थांबल्यापासून मनात मोजा, आठच्या पुढे गेलात की काहीही दिसो, खाली. त्यानंतर डोळा तीच प्रतिमा धरून बसतो आणि नळी सरकली तरी सरकलेली दिसत नाही. कुणाची मर्यादा सहा असते, कुणाची नऊ. ती तुमच्या सरांबरोबर बसून ठरवा, पण एकदा ठरवली की स्पर्धेच्या दिवशी तिच्याशी वाटाघाटी नाहीत.

सराव सामन्यात कुणाला तरी तुमचे खाली घेतलेले शॉट मोजायला सांगा. साठ शॉटमध्ये शून्य आले तर मला शंका येते, कारण नव्या नेमबाजाचे साठच्या साठ होल्ड मारण्यायोग्य असणं शक्यच नाही. याची दुसरी बाजूही आहे. काही मुलं एकेका शॉटला दहादहा वेळा खाली घेतात, कारण त्यांना निकालाची भीती असते. लागोपाठ तीन वेळा खाली आलं तर चौथ्यांदा लगेच उचलू नका. हत्यार बाकावर ठेवा, खुर्चीत बसा, पाण्याचे दोन घोट, चार-सहाचे पाच श्वास, मग नव्याने.

पायरी ५: बसल्या जागी स्पर्धा मारून या

डोळे मिटून स्वतःला शॉट मारताना बघणं, याला मनश्चित्रण म्हणा किंवा व्हिज्युअलायझेशन. बहुतेक जण पदक गळ्यात पडतंय असं चित्र बघतात. ते सुखद असतं, पण त्यातून काही शिकायला मिळत नाही. चित्र शॉटचं हवं आणि ते खऱ्या वेळेत हवं: खऱ्या शॉटला ४० सेकंद लागत असतील तर मनातल्याही तितकीच. जॅकेटच्या बटणांचा ताण, गालाला लागणारा गार चीकपीस, पेलेटच्या डब्याचा आवाज, सगळं त्यात आणा. सोफ्यावर लोळून करण्यापेक्षा पवित्र्यात उभं राहून केलं तर जास्त साधतं. रोज दहा शॉट पुरेत. त्यातले दोन मुद्दाम बिघडवा आणि मनातल्या मनात खाली घ्या.

घरी हत्यार असेल तर कोऱ्या भिंतीसमोर होल्डिंगचा सराव याला जोडून करता येतो. पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत, हत्यार रिकामं असल्याची दोनदा खात्री, घरात मोठं माणूस हजर. तुमच्या मॉडेलला ड्राय फायरिंगची (पेलेटशिवाय ट्रिगर दाबण्याची) सोय आहे का ते सरांना विचारल्याशिवाय ट्रिगर दाबू नका.

पायरी ६: जर आणि तर

‘काही बिघडलं तर बघू’ हे धोरण नेमबाजीत चालत नाही. बिघडतंच, आणि बघायला वेळ नसतो. डायरीत दोन रकाने करा: जर असं झालं, तर मी हे करीन. माझ्या ओळखीच्या नवशिक्यांना लागलेल्या काही नोंदी:

जर पहिलाच मॅच शॉट आठ गेला, तर: कॉल जुळला का बघायचं. जुळला तर साइटला हात लावायचा नाही, पुढचा क्रम सुरू. जुळला नाही तर एक शॉट आणखी, मग क्लिकचा (साइट किती फिरवायची याचा) निर्णय.

जर हत्यार अडकलं, तर: नळी टार्गेटकडे, हात वर, रेंज ऑफिसर. स्वतः उघडून बसायचं नाही. मनू भाकेरच्या पिस्तुलात टोकियोला क्वालिफिकेशनच्या मध्येच बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, आणि ५७५ वर बारावी राहून अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. पॅरिसला तिने दोन कांस्यपदकं आणली. बिघाड टाळणं तिच्याही हातात नव्हतं. तुमच्या हातात एवढंच आहे की नियम आधी वाचून ठेवायचे आणि त्यानंतरच्या पहिल्या शॉटला घाई करायची नाही.

जर साइटर्समध्ये शॉट भलतीकडे जात असतील, तर: आधी हत्यार तपासायचं, नंतर स्वतःवर शंका घ्यायची. अभिनव बिंद्राला २००८ च्या अंतिम फेरीआधी साइटर्समध्येच कळलं की साइट जागची हललेली आहे. तो साइट जुळवत बसला आणि मग अंतिम फेरी मारली. शेवटचा शॉट १०.८ होता.

जर शेजारच्या लेनवर जल्लोष झाला, तर: नजर आपल्या पेलेटच्या डब्यावर. क्रम ‘लेन नंबर बघ’पासून. ही ओळ फालतू वाटते ना? चार वर्षं आधी, अथेन्स २००४ ला, याच एमन्सने सुवर्ण हातात असताना शेवटचा शॉट शेजारच्या टार्गेटवर मारला. शून्य मिळालं, आठवा आला. २०१२ ला लंडनमध्ये त्याच प्रकारात तो परत कांस्यपदक जिंकून गेला, हेही सांगायला हवं.

रकाने भरले की सरावात ते प्रसंग खरोखर घडवून आणा. स्पीकरवर गोंगाट लावा, कुणाला तरी मध्येच येऊन ‘दोन मिनिटं थांबा, टार्गेट बंद आहे’ म्हणायला सांगा. धाकटी भावंडं या कामाला फार उत्साहाने येतात.

पायरी ७: स्पर्धेचा दिवस

आदल्या रात्री झोप नीट लागेलच असं नाही, आणि एका रात्रीने फारसं बिघडत नाही. त्याच्या आधीच्या तीन रात्री सांभाळा. हत्यार, जॅकेट, ब्लाइंडर, पेलेट, सेफ्टी फ्लॅग, ओळखपत्र, पाणी ही बॅग संध्याकाळीच भरा. सकाळी नेहमी कॉफी घेत नसाल तर त्या दिवशी घेऊ नका. उपकरणं तपासणीसाठी रांग असते, वेळ लागतो. बालेवाडीसारख्या मोठ्या संकुलात तर पार्किंगपासून रेंजपर्यंतच बराच वेळ जातो. धावत येऊन लेनवर उभं राहिलात तर तयारी आणि साइटिंगची पंधरा मिनिटं नाडी खाली आणण्यातच जातील.

त्या पंधरा मिनिटांत आधी चार-पाच वेळा नुसता होल्ड, मग साइटर्स. दहा पडायला लागले की साइटर्स थांबवा. नवे नेमबाज इथे ‘आणखी एक’ करत चांगले दहा संपवून टाकतात.

पहिल्या मॅच शॉटला धडधड सर्वांत जास्त असते. म्हणून तो खाली घ्यायचाच, असं आधीच ठरवून जा. उचला, क्रम करा, खाली घ्या. दुसऱ्यांदा उचलाल तेव्हा शरीर थोडं निवळलेलं असेल, आणि आज आपण खाली घेऊ शकतो हे मनाने एकदा बघितलेलं असेल.

स्कोअरची बेरीज करू नका. स्क्रीनवर ती दिसतेच, पण ‘राहिलेल्या आठही शॉटला दहा पडले तर...’ हे गणित सुरू झालं की क्रमातला एक टप्पा गळालाच म्हणून समजा. पॅरिसच्या अंतिम फेरीत गुणफलक बघितलाच नाही, असं स्वप्नीलनेही सांगितलं होतं. पुढे कधी अंतिम फेरी गाठलीत तर तिथे एकेका शॉटला ५० सेकंद असतात. त्यात एकदा खाली घेता येतं, पण लवकर घेतलं तरच. म्हणून तो सराव घड्याळ लावून वेगळा करावा लागतो.

आई-बाबांसाठी

तुम्ही आणून सोडता, पैसे खर्च करता, उन्हात बसता, याची मुलांना जाणीव असते आणि तेच त्यांचं अर्धं दडपण असतं. मुलगा बाहेर आला की ‘किती झाले?’ हा पहिला प्रश्न टाळा. स्कोअर तुम्हाला दिसलेलाच असतो. ‘भूक लागली का?’ चालेल. चर्चा प्रशिक्षकांशी, आणि तीही दुसऱ्या दिवशी. मागे बसून प्रत्येक शॉटला मान हलवणाऱ्या पालकांनी दुर्बीण घरी ठेवावी. मुलांना पाठीमागचं सगळं कळतं.

डायरी आणि मदत

त्याच रात्री डायरीत चार ओळी पुरेत: किती वेळा खाली घेतलं, किती वेळा घ्यायला हवं होतं पण घेतलं नाही, कॉल साधारण किती जुळले, धडधड केव्हा निवळली. स्कोअर शेवटी, बारीक अक्षरात. दुसऱ्या ओळीतला आकडा स्पर्धेगणिक कमी होतोय का, एवढंच महिन्यातून एकदा तपासा. तो कमी होत असेल तर आज गुण कमी पडले तरी तुम्ही बरोबर दिशेला आहात.

हात थरथरतात म्हणून कुणी ‘एक गोळी घे, स्थिर होतील’ म्हणेल. त्या गोळ्या बहुधा बीटा ब्लॉकर असतात आणि नेमबाजीत त्या स्पर्धेतच नव्हे, स्पर्धेबाहेरही प्रतिबंधित आहेत. रक्तदाब, मायग्रेन किंवा हृदयाच्या ठोक्यांसाठी डॉक्टरांनी अशी गोळी आधीच दिली असेल तर ती मनाने बंद करू नका. डॉक्टरांना खेळाबद्दल सांगा, आणि वैद्यकीय सवलतीच्या अर्जाबद्दल प्रशिक्षकांना विचारा.

आणि स्पर्धा संपल्यावरही आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, रेंजवर जायच्या नुसत्या विचाराने श्वास कोंडत असेल, जेवण सुटलं असेल, तर त्यावर या लेखातले व्यायाम पुरेसे नाहीत. क्रीडा मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं.

स्पर्धेनंतरचा पहिला सराव दोन दिवसांनी, स्कोअरशिवाय. टार्गेटऐवजी कोरा कागद लावा आणि त्यावर वीस शॉट मारा. त्यातले पाच तरी खाली घ्या.